हिरव्या ग्रहाची विहीण

रॉकेट उडालं तेव्हा नीलाबाई शेंगा फोडत बसल्या होत्या.

पडद्यावर धूर झाला, जमीन हादरली, एक गोरा म्हातारा दाढी कुरवाळत वर बघत राहिला. नीलाबाईंनी टरफलं बाजूला सारली आणि विचारलं, "सोमेश, ह्याच्या घरी कोण कोण हाय रे?"

"कुणाच्या?"

"ह्या वर चाललेल्या माणसाच्या. डबा कुणी बांधून दिला ह्याला? निघताना हातावर दही तरी घातलं का न्हाई कुणी?"

"अव्वा, तो शास्त्रज्ञ हाय. दुसऱ्या ग्रहावर खनिज शोधायला चाललाय."

"खनिज!" नीलाबाईंनी एक दाणा तोंडात टाकला. "म्हणूनच तुझा पिच्चर कुणी बघत न्हाई. खनिज बघायला बायामाणसं चुलीवरचं दूध सोडून बसतील व्हय?"

सोमेशनं पुढचं दृश्य लावलं. आईशी वाद घालण्यापेक्षा रॉकेट उडवणं सोपं, हे त्याला लहानपणापासून ठाऊक होतं.

लातुरात गंजगोलाईच्या मागच्या गल्लीत नीलाबाईंच्या नवऱ्याचं, गुरुबसप्पांचं, किराणा दुकान होतं आणि त्याच्या माडीवर त्यांच्या लेकाची, सोमेशची, मिक्सिंगची लॅब. लग्नसराईत लग्नांचं शूटिंग करायचं, नवरीच्या भोवती गुलाब फिरवायचे, नवरदेवाला ढगातून उतरवायचं, गाणी चढवायची, हा त्याचा पोटापाण्याचा धंदा. लग्नसराई संपली की त्याला अवकाश सुचायचं. कुठल्या तरी थंड मुलखातले जुने सिनेमे, ज्यांच्यावर आता कुणाचा हक्क उरलेला नाही असे, तो इंटरनेटवरून उतरवून घ्यायचा. त्यातली भाषा कुणालाच कळायची नाही, त्यालाही नाही. ती पुसून टाकायची, दृश्यं मागंपुढं करायची, मधे आपल्याकडची चार माणसं घुसवायची, वर मराठी बोलणं चढवायचं, की झाला नवा विज्ञानपट. मग तो यूट्यूबवर टाकायचा. बघणारे मोजकेच. त्यातली निम्मी गुरुबसप्पांची गिऱ्हाइकं, तीही भिडेखातर.

नीलाबाई लॅबमध्ये बसायच्या त्या सिनेमासाठी नाही. यंत्रांना गारवा लागतो म्हणून घरातला एकुलता एक एसी तिथं होता, आणि लेकाच्या यंत्रांना जो गारवा मिळतो तो लेकाच्या आईलाही मिळालाच पाहिजे, असं त्यांचं सरळ म्हणणं होतं. त्या चौथीपर्यंत शिकलेल्या. शाळा आवडली नाही म्हणून सोडली, असं त्या सांगत. शाळेचं म्हणणं काय होतं ते कुणी विचारलेलं नाही.

त्या दिवशी मात्र त्या पडद्याकडं बघत होत्या. रॉकेटकडं नव्हे. पडद्यावर आता एक तरणी पोर आली होती, काचेच्या मोठ्या खिडकीशी उभी राहून बाहेरच्या काळोखाकडं बघत होती. पोरीचे डोळे भरून आले होते. तिच्या मुलखात कशानं भरत होते देव जाणे.

"ही पोर कुठं बघायलीय, सांगू?" नीलाबाई म्हणाल्या. "माहेराकडं."

सोमेशनं मान वळवली. आईचा आवाज त्याला ओळखीचा होता. श्रावण महिनाभरावर आला की तो असाच व्हायचा.

गोष्ट अशी होती. अंजू, नीलाबाईंची एकुलती लेक, नांदेडला दिली होती. जावई संगमेश शाळेत मास्तर, गरीब माणूस, त्याच्याबद्दल तक्रार नाही. दिवाळीला अंजू यायची, यात्रेला यायची, कुणाच्या बारशालाही येऊन जायची. फक्त पंचमीला यायची नाही. आणि आपल्या भागात पंचमी म्हणजे लेकींचाच सण. हात मेंदीनं रंगवायचे, लाह्या खायच्या, गल्लीतल्या सगळ्या माहेरवाशिणींनी एका झोक्यावर कचाकचा भांडायचं. दरवर्षी सोमेश मुराळी होऊन, म्हणजे बहिणीला आणायला, नांदेडची एसटी धरायचा. दरवर्षी अंजूची सासू रत्नम्मा त्याला ताटभर जेवू घालायची, टॉवेल-टोपी द्यायची, आणि एकच वाक्य बोलायची: "पुढच्या पंचमीला बघू." मुराळी हात हलवत परत. शेजारची गुणाबाई कुंपणावरून विचारायची, "आली का वं अंजू?" आणि नीलाबाईंच्या कपाळावरची विभूती आक्रसायची.

कारण काय, ते रत्नम्मा सांगत नव्हती. नीलाबाई विचारत नव्हत्या. विचारायचं म्हणजे आधी आपण खाली वाकायचं, आणि वाकणं त्यांच्या कमरेला सोसत नव्हतं.

"तो म्हातारा शास्त्रज्ञ न्हाई," नीलाबाईंनी शेंगांची पाटी बाजूला ठेवली. "तो हिचा बाप हाय. हिला हिरव्या ग्रहावर दिलीय. तिथली राणी हिची सासू. ती हिला पंचमीला धाडत न्हाई. म्हणून बाप रॉकेट घिऊन मुराळी निघालाय."

"अव्वा, हिरव्या ग्रहावर पंचमी?"

"का? तिथं नाग नसतील व्हय? ते बघ." पडद्यावर दलदलीतून एक लांब मानेचं जनावर वर आलं होतं, दोरीवर ओढलेलं स्पष्ट दिसत होतं. "एवढा मोठा नाग हाय. लाह्या बी पोत्यानं लागतील."

सोमेश हसला, मग हसायचा थांबला. त्यानं चित्र मागं नेलं, पुन्हा चालवलं. म्हातारा निघाला. पोर खिडकीशी. नाग. सगळं बसत होतं. खनिजापेक्षा चांगलं बसत होतं.

मग त्या घरात विज्ञान सुरू झालं.

म्हाताऱ्याला ग्रहावर उतरल्यानंतर जवळून दाखवायला आपला माणूस लागणार होता. गुरुबसप्पांना ऐकायला कमी यायचं, त्यामुळं ते नाही म्हणायच्या आत त्यांना तयार करण्यात आलं. पत्र्याखाली ऊन लागू नये म्हणून लावतात तो चंदेरी फोम अंगाला गुंडाळला. डोक्यावर गार पाण्याचा रिकामा जार, बूड कापून उलटा. रेणापूरकडं एका मुरमाच्या खाणीत नेऊन त्यांना उभं केलं.

"काय बोलायचं?" जारच्या आतून गुरुबसप्पांनी विचारलं.

"काही बोलायचं न्हाई, आप्पा. फक्त लेकीला शोधायचं."

"काय?"

"शोधायचं!"

"अंजूला?" गुरुबसप्पा म्हणाले आणि खरोखरच त्या लाल खड्ड्यात कपाळावर हात धरून इकडंतिकडं बघू लागले. सोमेशनं कॅमेरा चालूच ठेवला. बाजूला उभ्या नीलाबाईंनी पदराचं टोक नाकाला लावलं आणि धुळीला दोष दिला.

अडलं ते राणीपाशी. त्या परदेशी सिनेमात राणी होती खरी, डोक्यावर तारांचा मुकुट, पण बिचारी सगळीकडं पाठमोरी. तोंड दाखवायचा भाग खराब झालेला, नुसत्या रेघा.

"बाई बघावी लागंल कुणीतरी," सोमेश म्हणाला. "नाटकातली."

"नाटकातल्या बायका रागावायचं नाटक करतात," नीलाबाई म्हणाल्या. "आपल्याला खरी रागावलेली पायजे. तुझ्याकडं एवढी लग्नं पडलीत, त्यात एक बी खवळलेली बाई न्हाई व्हय? लग्नात तर समद्याच खवळलेल्या असतात."

सोमेशनं एक-एक लग्न उघडलं. नीलाबाईंनी एक-एक बाई नापास केली. ही नुसती भुकेलीय, ही दागिने मोजायलीय, हिचं ब्लाउज काचायलंय. शेवटी त्याचा हात अंजूच्या लग्नावर आला आणि तो तिथं थोडा अडखळला. लग्नाची तयार फिल्म कॉम्प्युटरच्या एका खणात होती. आणि तिच्या शेजारी 'उरलेलं' नावाचा दुसरा खण होता, बराच फुगलेला.

"उघड," नीलाबाई म्हणाल्या.

'उरलेलं'मध्ये जवळजवळ सगळीकडं रत्नम्मा होती. रत्नम्मा नवरदेवाला ओवाळताना, रत्नम्मा स्वामींच्या पाया पडताना, रत्नम्मा पाव्हण्यांना हात जोडताना. आणि एका ठिकाणी, अक्षता पडत असताना, रत्नम्मा एका बाजूला मान करून कुणाकडं तरी बघत होती. एक भुवई वर, ओठ दाबलेले, नाकपुड्या रुंद. ते बघणं बघून समोरच्या मांडवाचा खांब कसा उभा राहिला असेल, हाच प्रश्न.

"थांबव," नीलाबाई म्हणाल्या. "हीच राणी."

"अव्वा, येडी झालीस का? ताईचं सासर हाय ते."

"हिरवी कर."

"काय?"

"रंग लाव हिरवा. हिरव्या बाईला कोण वळखतंय?"

सोमेशनं आठवण करून दिली की रत्नम्मामावशींना कळलं तर अंजूताईची पंचमी कायमची बुडेल. नीलाबाई म्हणाल्या, आताबी कुठं तरंगायलीय. आणि पोराला हेही माहीत होतं की त्या रागीट चेहऱ्याइतका सुंदर शॉट त्याच्या हाताला पुन्हा लागणार नाही. त्यानं रत्नम्माला हिरवं केलं, डोक्यावर तारांचा मुकुट चढवला. कपाळावरची विभूती काही केल्या जाईना, तशीच चमकत राहिली.

राणीचा आवाज नीलाबाईंनी स्वतः दिला. गोधड्यांनी मढवलेल्या छोट्या खोलीत माईकसमोर बसून, नाकात बोलून, घसा खरवडून. राणीला पूर्ण सिनेमात एकच वाक्य होतं. म्हातारा हात जोडतो, राणी बघते, आणि म्हणते: "पुढच्या पंचमीला बघू." म्हातारा पुन्हा रॉकेट घेऊन येतो. "पुढच्या पंचमीला बघू." नाग दलदलीतून वर येतो, म्हाताऱ्याची दया येऊन परत खाली जातो. "पुढच्या पंचमीला बघू."

सिनेमाचं नाव ठेवलं 'हिरव्या ग्रहावरची माहेरवाशीण'.

आणि तो चालला. खनिजाचे सिनेमे सोमेश रोज स्वतःच दोनदा बघायचा म्हणून त्यांचा आकडा हलायचा. ह्याचा आकडा त्यानं न बघताही पळायला लागला. लातूर, उदगीर, देगलूर, मुदखेड, पार इस्लापूरच्या लोकांनी बघितला. बायकांनी बहिणींना धाडला, बहिणींनी नवऱ्यांना धाडला, काही धीट सुनांनी सासवांनाही धाडला. खाली लोकांनी लिहिलं होतं ते सोमेश वाचून दाखवायचा. 'राणीच्या कपाळाला विभूती! आपला समाज हिरव्या ग्रहावर बी पोचला.' 'हा जारवाला म्हातारा बघून मी रडलो, मग माझ्या बायकोला माहेरचं तिकीट काढून दिलं.' 'राणी लई खतरनाक हाय. ही बाई कोण?'

नांदेडात हा शेवटचा प्रश्न पडायचं कारण नव्हतं.

अंजूचा फोन आला तेव्हा नीलाबाई पंचमीच्या लाह्यांसाठी ज्वारी निवडत होत्या.

"अव्वा, काय करून बसलीस तू?"

"काय केलं?"

"आत्याबाईंनी बघितला. शेजारच्या पोरीनं मोबाइल आणून दाखवला. म्हणाली, काकू, तुम्ही राणी झालात."

नीलाबाईंचा हात ज्वारीत थांबला. "मंग? काय म्हणाल्या?"

"काहीच न्हाई. तीनदा बघितला. मग चष्मा पुसला आन ह्यांना म्हणाल्या, लातूरची गाडी किती वाजता हाय बघ. अव्वा, त्या यायल्यात. मलाबी चल म्हणाल्या. बॅग भर म्हणाल्या, पण किती दिवसांची ते सांगितलं न्हाई. मला भ्या वाटायलंय."

फोन ठेवल्यावर नीलाबाई बराच वेळ ज्वारीतले खडे शोधत राहिल्या, खडे नव्हते. किती दिवसांची ते सांगितलं नाही. बॅग पंचमीची असू शकत होती. आणि लेक कायमची माहेरी आणून टाकायची म्हणूनही बॅग भरतात. ही दुसरी गोष्ट त्यांनी कुणाला बोलून दाखवली नाही. सोमेशला मात्र म्हणाल्या, "हे समदं तुझ्या त्या रॉकेटनं केलं."

"माझ्या?"

"मग माझं हाय व्हय रॉकेट?"

पंचमीच्या आदल्या दिवशी सकाळी रत्नम्मा आली. अहमदपूरवरून येणाऱ्या एसटीतून उतरून, रिक्षा करून, घरात न जाता थेट माडीचा जिना चढून लॅबमध्ये. मागं अंजू, तोंड उतरलेलं, हातात बॅग. गुरुबसप्पा दुकानातून "शरणार्थ, या या, चहा" असं काहीतरी म्हणाले, पण रत्नम्मा तोवर वर पोचली होती. खुर्ची ओढून बसली. नीलाबाई समोर. मधे सोमेश, जो ह्या क्षणी रॉकेटनं जायला तयार होता.

"शरणार्थ, विहीणबाई."

"शरणार्थ. पाणी?"

"पाणी नको. लाव तो पिच्चर."

सोमेशनं लावला. जारवाला म्हातारा आला, हात जोडले. हिरवी राणी आली. भुवई वर गेली. "पुढच्या पंचमीला बघू," नीलाबाईंचा घोगरा आवाज लॅबभर घुमला.

"थांबव." रत्नम्मानं पडद्याकडं बोट केलं. "हे तोंड कुणाचं?"

उत्तरही तिनंच दिलं.

"माझं. आन आवाज कुणाचा?"

नीलाबाईंनी हनुवटी वर केली. लपवायचा त्यांचा स्वभाव नव्हता. "माझा."

"तेच म्हणलं मी. चेहरा माझा आन आवाज तुमचा? माझा आवाज असा हाय का? डब्यात बेडूक कोंडल्यावाणी? नांदेडात भजनाला मी पुढं बसते, विहीणबाई. लोकं मला राणी म्हणायलेत, रस्त्यात हात करायलेत, ते बरंय. पण जो भेटतो तो म्हणतो, रत्नम्मा, घसा बसला व्हता का?"

सोमेशच्या तोंडून हसू निसटणार होतं ते त्यानं खोकल्यात घातलं. अंजूनं बॅग खाली ठेवली. नीलाबाई युद्धाला बसल्या होत्या. समोरून भलताच बाण आला होता, आणि त्याला लावायला त्यांच्याकडं ढाल नव्हती.

"म्हणून आलात?"

"आवाजासाठी आले. आन अजून एकासाठी." रत्नम्मानं पदर सावरला. "हे तोंड तुम्हाला कुठं घावलं?"

"अंजूच्या लग्नातलं हाय," सोमेश हळूच म्हणाला.

"अंजूच्या लग्नातलं. मंग अंजूच्या लग्नाच्या सीडीत का न्हाई ते?"

सोमेशनं एसीचा रिमोट उगाच हातात घेतला.

"सीडी आली तवा मी पंधरा पाव्हणे गोळा केले होते बघायला," रत्नम्मा म्हणाली. "देगलूरहून माझी बहीण आलती. सगळं दिसलं. मांडव दिसला. आचारी दिसला. बाहेर बांधलेली म्हस दिसली, तीबी दोनदा. माझी बहीण म्हणाली, रत्नम्मा, पोराच्या लग्नाला तू गेली नव्हतीस का? एका जागी माझं कोपर दिसतं. कोपर! ते माझं हाय हे मी बांगडीवरून वळखलं. आन हे जे तोंड तुम्ही हिरवं केलंय, ते कधीचं हाय सांगू? अक्षता पडताना कॅमेरा माझ्याकडं आलता, तवा तुम्ही बाजूनं माझ्यापुढं घुसायला लागलात. तवाचं हाय ते. मी तुमच्याकडंच बघायले त्यात."

नीलाबाईंना आठवलं. लग्नाचं मिक्सिंग चाललं होतं तेव्हा त्या ह्याच खुर्चीत, ह्याच गारव्यात बसल्या होत्या. हिला काढ. इथनंबी काढ. शूटिंग आपलं, मांडव आपला, आन हीच किती मिरवती. सोमेशनं काढलं होतं, कारण आईशी वाद घालण्यापेक्षा काढणं सोपं. मग त्या ते विसरूनही गेल्या होत्या. रत्नम्मा विसरली नव्हती. तीन पंचम्या तिनं त्यावरच काढल्या होत्या.

सोमेश छताकडं बघत होता. नीलाबाईंनी त्याच्याकडं असं बघितलं की छतसुद्धा बाजूला झालं असतं.

"आवाज द्यायचा ना तुम्हाला?" शेवटी त्या म्हणाल्या. "मंग द्या की. बसा आत."

रत्नम्माला गोधड्यांच्या खोलीत बसवलं, कानावर हेडफोन, पुढं माईक. मधे काच. काचेच्या अलीकडं नीलाबाई, त्यांच्यापुढंही माईक. कारण आता राणीचा आवाज बदलतोय म्हटल्यावर पृथ्वीवरून बोलणारी कुणीतरी पाहिजे, म्हाताऱ्याची बायको, असं नीलाबाईंनी जागच्या जागी ठरवलं. राणी बोलणार आणि आपण गप्प ऐकणार, असा सिनेमा त्यांच्या घरात निघणं शक्य नव्हतं.

"मावशी, वाक्य तेच हाय," सोमेश म्हणाला. "पुढच्या पंचमीला बघू."

"ते राणीचं वाक्य हाय," रत्नम्मा म्हणाली. "माझं मला बोलता येतं. सुरू कर."

पडद्यावर म्हाताऱ्यानं हात जोडले. हिरवी राणी वळली. आणि भजनाला पुढं बसणारा खणखणीत आवाज आला:

"चित्रात घेत न्हाईत, आन लेक मात्र मागायला येतात!"

सोमेशनं कळ दाबायला हात उचलला. नीलाबाईंनी तो हात धरून खाली ठेवला आणि स्वतःच्या माईकमध्ये वाकल्या.

"हॅलो. पृथ्वीवरनं बोलायले. चुकून राहिलं असंल."

"चुकून राहिलं न्हाई. कापलं."

"ग्रह लांब हाय. नीट दिसलं नसंल."

"म्हस दिसली!"

दारात उभी अंजू तोंडात पदर कोंबून खाली बसली. पडद्यावर बिचारे गुरुबसप्पा जारमधून आळीपाळीनं दोन्हीकडं बघत होते. तेव्हा खाणीत ते अंजूला शोधत होते, पण आता दोन बायकांच्या मधे सापडलेल्या माणसासारखेच दिसत होते.

"दोन डोळ्यांनी बघितलं म्या," राणी म्हणाली, आणि आता आवाजातला खणखणाट थोडा उतरला होता. "पोराचं एकच लग्न. म्हातारपणी लावून बघायचं व्हतं. लावलं तर मीच न्हाई त्यात."

नीलाबाई माईकपासून मागं सरकल्या. हेडफोनमध्ये नुसती खरखर आली. सोमेशला वाटलं यंत्र बिघडलं. त्यानं आईकडं बघितलं आणि पुन्हा यंत्राकडं बघायला लागला.

नीलाबाईंना माफी मागता येत नव्हती. चौथीपर्यंत ती शिकवलेली नव्हती. त्यांनी घसा साफ केला, माईक जवळ ओढला.

"हॅलो. इकडचं यंत्र जुनं होतं," त्या म्हणाल्या. "खराब यंत्र. लई आडमुठं. आता ते दुरुस्त केलंय. हितनं पुढं... समदं दिसंल. हितनं पुढं तुमच्या ग्रहाचं एकबी चित्र कापलं जायचं न्हाई."

काचेपलीकडं रत्नम्मा त्यांच्याकडं बघत होती. भुवई वर होती, पण ओठ दाबलेले नव्हते.

"दुरुस्त झालं का नक्की?"

"जुनंच हाय. पण चालतंय."

"मंग लेक न्या," राणी म्हणाली. "झोका बांधा. आन मुराळी आलाय तर दोघींना घेऊन जाऊ द्या, मीबी बसणार हाय झोक्यावर. पुढच्या पंचमीला कोण बघतंय."

अंजूनं बॅग उचलली आणि जिना उतरून पळाली. ती किती दिवसांची भरलीय, ते तिला आता कळलं होतं.

नीलाबाई खाली स्वयंपाकाला लागल्या. दुसऱ्या दिवशीची पुरणाची दिंडं, लाह्या, मेंदी, गल्लीतल्या पोरी, कुंपणापलीकडून गुणाबाईनं विचारायच्या आत "आली हो अंजू, सासूला घिऊन आली!" असं स्वतःच ओरडणं. एवढ्या कामात विहीणबाई वर लॅबमध्ये सोमेशशेजारी बसून काय करतायत, हे बघायला त्यांना वेळ झाला नाही. जाता जाता जिन्यावरून ऐकू आलं ते एवढंच: "आजच करून घे बाबा. उद्या तुझी आई हात लावू द्यायची न्हाई." आणि सोमेशचं, "व्हय मावशी." त्यांना वाटलं, आवाजाचंच असेल.

पंचमीला त्या घरात चिरायचं नाही, कापायचं नाही, तळायचं नाही. नीलाबाईंचा हा कायदा लॅबलाही लागू होता. मागं एकदा सोमेश पंचमीला काम करत होता तेव्हा पडद्यावर कात्रीचं चित्र दिसलं म्हणून त्यांनी मेन स्विचच बंद केला होता.

पंचमीच्या दुपारी सगळे वर जमले. झोक्यावरून उतरलेल्या पोरी, गुणाबाई, गुरुबसप्पा, अंजू, जिचे हात कोपरापर्यंत रंगले होते. सिनेमा आधी सकाळीच बघून झाला होता, दोन बायकांच्या भांडणासकट, आणि सगळ्यांनी तो पुन्हा लावायला लावला होता.

"आता लग्न लाव," रत्नम्मा म्हणाली.

"कुणाचं?" नीलाबाईंनी विचारलं.

"अंजूचं. नवीन मिक्सिंग केलंय. तुम्हीच म्हणलात ना, आता समदं दिसंल."

दिवे घालवले. मांडव आला. रत्नम्मा आली. ओवाळताना रत्नम्मा, स्वामींच्या पाया पडताना रत्नम्मा, पाव्हण्यांना हात जोडताना रत्नम्मा, गुलाब तिच्याभोवती फिरतायत, मागं सनई. मधे मधे नवरा-नवरीही दिसत होते. आचारी दिसला. म्हैस दिसली. गुणाबाई म्हणाली, "नीलाबाई, तुम्ही कुठं हायत?"

नीलाबाई पुढं सरकल्या. अक्षता पडल्या. रत्नम्मा, आता हिरवी नाही, लग्नाच्या पिवळ्या प्रकाशात, तीच भुवई वर करून एका बाजूला बघत होती. आणि ती जिच्याकडं बघत होती, तिचं पडद्याच्या कडेला फक्त एक कोपर होतं. हिरव्या चुड्याचं, टोकदार, ऐटबाज कोपर.

नीलाबाईंनी ते बांगडीवरून ओळखलं.

लॅबमध्ये कुणीतरी हसलं, मग सगळेच. अंजू भिंतीला टेकली होती, तिला धड उभं राहता येत नव्हतं. नीलाबाई सावकाश लेकाकडं वळल्या.

"सोमेश. नीट कर ते. आत्ताच्या आत्ता."

सोमेशचा हात यंत्राकडं गेला. रत्नम्मानं तो हळूच धरला आणि खाली ठेवला.

"आज पंचमी हाय, विहीणबाई," ती गोड आवाजात म्हणाली. "तुमच्या घरात आज कात्री चालत न्हाई म्हणं."

नीलाबाईंनी तोंड उघडलं, पण कायदा त्यांचाच होता. त्या परत खुर्चीत टेकल्या, शेंगांची पाटी मांडीवर ओढली, एक शेंग कडकन फोडली. पडद्यावर त्यांचं कोपर अजून तिथंच होतं. बरं दिसत होतं तसं.

"बरं," त्या म्हणाल्या. "पुढच्या पंचमीला बघू."